बर्फातली पक्षीगणना: अल्गॉन्क्विनच्या रानात पहिल्यांदा मोजणीला जाणाऱ्यांसाठी

डिसेंबरात कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या अल्गॉन्क्विन पार्कात, स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या रानात तासभर चालूनही एक पक्षी दिसला नाही, की नवख्या माणसाला वाटतं आपण चुकीच्या जागी आलो. भिगवणच्या पाण्यावर किंवा कर्नाळ्याच्या झाडीत सरावलेल्या डोळ्यांना ही शांतता अंगावर येते. पण ख्रिसमस पक्षीगणनेत त्या रिकाम्या तासाचीही नोंद होते, आणि ती चिकडी या इथल्या चिमुकल्या पक्ष्याच्या थव्याइतकीच कामाची असते. पहिल्यांदा येणारे लोक अडखळतात ते पक्षी ओळखण्यात कमी आणि मोजण्यात जास्त. म्हणून खाली नावनोंदणी, कपडे, गाडी हे सगळं आहेच, पण सर्वांत जास्त जागा मोजणीला दिली आहे.

आधी गणनेची ओळख. उत्तर अमेरिकेत पूर्वी नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन दोन गट रानात शिरत आणि ज्यांच्या ढिगात जास्त पक्षी-प्राणी, ते जिंकत. फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने सुचवलं की मारण्याऐवजी मोजा. २५ डिसेंबर १९०० रोजी २७ जणांनी २५ ठिकाणी मोजणी केली. त्यात टोरांटोही होतं. तेव्हापासून ही गणना दर वर्षी होते. कॅनडात ती बर्ड्स कॅनडा आणि ऑडुबॉन या संस्था मिळून चालवतात. अल्गॉन्क्विन पार्कातली गणना १९७०च्या दशकापासून चालू आहे.

मूळ नियम सगळीकडे तेच आहेत. २४ किलोमीटर व्यासाचं, म्हणजे साधारण ४५० चौरस किलोमीटरचं, एक ठरलेलं वर्तुळ. १४ डिसेंबर ते ५ जानेवारी यांतला कुठलाही एक दिवस, मध्यरात्र ते मध्यरात्र. त्या दिवशी वर्तुळात दिसलेला आणि ऐकलेला प्रत्येक पक्षी मोजायचा. वर्तुळ दर वर्षी तेच राहतं, कारण तुलना करायची ती त्याच जागेची.

## १. वर्तुळ आणि संकलक गाठा

प्रत्येक वर्तुळाला एक संकलक असतो. दिवस तोच ठरवतो, गट तोच पाडतो आणि शेवटचे आकडे तोच पाठवतो. बर्ड्स कॅनडाच्या संकेतस्थळावर वर्तुळांचा नकाशा असतो. तिथून संकलकाला नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ईमेल करा. शुल्क नाही, सभासदत्व लागत नाही. विद्यार्थी असा, नुकतेच आलेले असा, कुणी काही विचारत नाही.

ईमेलमध्ये चार गोष्टी स्पष्ट लिहा: इथले किती पक्षी ओळखता येतात (शून्य असेल तर शून्य), बर्फात किती किलोमीटर चालू शकता, गाडी आहे का आणि तिला हिवाळी टायर आहेत का, स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायचे रुंद तळवे) कधी वापरले आहेत का. फुशारकी मारू नका. नवख्या माणसाला जाणत्याच्या गटात टाकतात आणि नोंदी लिहायचं काम देतात. हे काम दुय्यम नाही. गटातले सगळे वर बघत असताना वहीकडे बघणारं कुणीतरी लागतंच.

संकलकाला न सांगता परस्पर जाऊन मोजू नका. तुमच्या वाटेवर दुसरा गट असेल तर तेच पक्षी दोनदा मोजले जातील. तुमचं घर एखाद्या वर्तुळाच्या आत असेल तर आणखी एक सोपी वाट आहे: खिडकीत बसून दाणाघरावरचे पक्षी मोजणं. लहान मुलं किंवा वयस्कर आई-बाबा सोबत असतील तर पहिल्या वर्षी हेच करा.

## २. सोबत काय लागतं

- दुर्बीण ८×४२. दहापट मोठं दाखवणारी नको. थंडीत हात थरथरतात आणि दाट फांद्यांत पक्षी सापडायला रुंद दृश्य लागतं.
- छोटी वही आणि दोन पेन्सिली. बॉलपेनची शाई गोठते.
- संकलकाने दिलेला विभागाचा नकाशा आणि प्रजातींची यादी, छापलेली. फोनमधला नकाशाही आधीच उतरवून ठेवा, कारण पार्काच्या बऱ्याच भागात सिग्नल नसतो.
- पार्कात गाडी उभी करायला हिवाळ्यातही दिवसाचा परवाना लागतो. गणनेसाठी काही वेगळी व्यवस्था आहे का, ते संकलकाला विचारा.
- ओळखपत्र, हेल्थ कार्ड, घरच्या माणसाचा नंबर कागदावर लिहिलेला.
- हेडलॅम्प, शिटी, काडेपेटी, जास्तीचे मोजे, जास्तीचे हातमोजे.
- बुटांखाली ताणून बसवायचे काटे. बर्फ गुडघ्याच्या जवळ आला असेल तर स्नोशू. भाड्याने मिळतात, पण एक दिवस आधी बागेत चालून बघा. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येकजण स्वतःच्याच पायावर पाय देतो.

दुर्बिणीचं एक पथ्य आहे. ती गरम गाडीत आणि बाहेरच्या थंडीत सारखी आतबाहेर केलीत तर काचांवर वाफ धरते आणि बाहेर येताच तिचा बर्फ होतो. दिवसभर दुर्बीण थंडच राहू द्या: गाडीत असताना डिकीत ठेवा. डोळ्याला लावताना श्वास नाकाने खाली सोडा. काचेवर दव गोठलं तर अंगठ्याने पुसू नका, चरे पडतात. मऊ ब्रशने झटका. फोनचं उलटं आहे. तो सर्वांत आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, नाहीतर ४० टक्के दाखवणारी बॅटरी क्षणात बंद पडते.

## ३. कपडे आणि खाणं

उणे २० अंशांची तयारी ठेवा. हिशेब तीन थरांचा. अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट. भारतातून आणलेले सुती थर्मल आणि जीन्स घरीच ठेवा. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि उभं राहून चिकडी मोजायला लागलात की तोच घाम गोठायला लागतो. गाडीतून उतरताना किंचित थंडी वाजली पाहिजे; तेव्हाच छान उबदार वाटत असेल तर चढावर घाम येणार.

पायांबाबतची चूक जवळजवळ ठरलेली: दोन जाड मोजे घालून बूट गच्च करायचा. रक्त खेळत नाही आणि बोटं आधी गार पडतात. एक पातळ, एक जाड मोजा आणि एक साईझ मोठा, आत फेल्टचं अस्तर असलेला बूट घ्या. हातांसाठी पातळ हातमोजे आणि त्यावर मिटन. बोटं एकत्र राहिली की ऊब टिकते, आणि पेन्सिल धरायला वरचा मिटन तेवढ्यापुरता काढता येतो.

नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या आणि गाल यांवर गटातल्या लोकांनी एकमेकांचं लक्ष ठेवायचं असतं. कातडी पांढरी, मेणासारखी दिसली आणि तिथे काही जाणवत नसेल तर हिमदंशाची सुरुवात आहे. ती चोळायची नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. उघड्या उबदार तळव्याने झाकून धरा आणि गाडीकडे परता. कुणी थरथरायचा थांबला पण अडखळायला आणि असंबद्ध बोलायला लागला, तर मोजणी तिथेच बंद करून त्याला उबेत न्या आणि मदत मागवा.

डब्यात पोळीभाजी नको. दुपारपर्यंत दगड होतो. डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, भडंग, तूप लावलेली गुळपोळी हे उत्तम. केळं गोठून काळं पडतं. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे बाटली सरळ केलीत की तोंडाशी पाणीच असतं. थर्मासमध्ये चहा, आणि तो भरपूर, कारण तुम्हाला नको असला तरी गटाला हवा असतो.

## ४. गाडी आणि रस्ता

टोरांटोहून पार्काचा पश्चिम दरवाजा साधारण तीन तासांवर आहे. हिवाळ्यात पहाटे निघून वेळेवर पोहोचण्याचा भरवसा धरू नका. आदल्या रात्री हंट्सविल किंवा व्हिटनीच्या बाजूला मुक्काम करा. पार्कात पेट्रोल मिळत नाही, टाकी बाहेरच भरून घ्या. ऑन्टॅरिओत हिवाळी टायरची सक्ती नाही, क्विबेकमध्ये आहे. पण सक्ती नाही म्हणून चारही ऋतूंच्या टायरवर इथे येणं वेडेपणा आहे. डिकीत फावडं, ब्लँकेट, वाळूची पिशवी आणि जंपर केबल असू द्या.

हायवे ६० पार्कातून सुमारे ५६ किलोमीटर जातो आणि सगळी ठिकाणं पश्चिम दरवाज्यापासूनच्या किलोमीटरने ओळखली जातात: मिझी लेक वाट १५ च्या पुढे, स्प्रूस बॉगचा लाकडी मार्ग ४२.५, व्हिजिटर सेंटर ४३, ओपिओंगो रस्ता ४६. नोंदीतही हेच आकडे लिहा. ‘मोठ्या तळ्याजवळ’ हा पत्ता इथे निरुपयोगी आहे.

महामार्गावर पक्षी दिसला म्हणून ब्रेक दाबू नका. मागून लाकडाचा ट्रक किंवा बर्फ लोटणारी गाडी येत असते. त्यातच क्रॉसबिल, सिस्किन आणि ग्रॉसबीक हे बिया खाणारे फिंच पक्षी रस्त्यावरची वाळू आणि मीठ टिपायला थव्याने उतरतात आणि गाड्यांखाली येतात. पुढे रस्त्यावर ठिपके हलताना दिसले तर वेग आधीच कमी करा, सुरक्षित जागी बाजूला थांबा, मग मोजा.

तळ्यांवर चालू नका. नाताळच्या सुमाराला तळं वरून पांढरं सपाट दिसतं, पण ओढा जिथे आत येतो आणि बाहेर पडतो तिथला बर्फ पातळ असतो. वाहतं, उघडं पाणी काठावरूनच दुर्बिणीने तपासा. उरलीसुरली बदकं असली तर तिथेच असतात. पार्काबाहेरच्या वर्तुळात गेलात तर काही भागांत डिसेंबरातही लहान सावजांची शिकार चालू असते, म्हणून भडक नारिंगी जाकीट किंवा टोपी घाला.

## ५. मोजके पक्षी पाठ करा

इथल्या हिवाळ्याची एक गंमत आहे: यादी लहान. एका गटाला दिवसभरात १० ते १५ प्रजाती मिळाल्या तरी वाईट नाही. त्यामुळे पूर्ण पुस्तक चाळण्यापेक्षा थोडे पक्षी आवाजासकट पक्के करा. रानात डोळ्यांआधी कान काम करतात.

ब्लॅक-कॅप्ड चिकडी सर्वत्र असते. ही आपल्या वल्गुलीची भाऊबंद, वजन जेमतेम ११-१२ ग्रॅम, आणि कडाक्याच्या रात्री शरीराचं तापमान खाली आणून ती तग धरते. बोरिअल चिकडीची टोपी तपकिरी आणि आवाज घसा बसल्यासारखा. ती स्प्रूसमध्येच शोधा. दोन शिलिंध्री असतात. तांबूस पोटाची सूचिपर्णी झाडांत नाकातून पिपाणी वाजवल्यासारखी ओरडते, पांढऱ्या पोटाची मेपल-बीचच्या रानात. गोल्डन-क्राउन्ड किंगलेट हा ६ ग्रॅमचा जीव उंच शेंड्यांवर ‘त्सी-त्सी-त्सी’ करतो. हा स्वर वयानुसार ऐकू येणं बंद होतं, म्हणून गटात एखादं तरुण माणूस असणं फायद्याचं.

डाउनी आणि हेअरी हे दोन सुतारपक्षी रंगाने सारखेच. आकारावर जाऊ नका, एकटा पक्षी किती मोठा हे फांदीवर कळत नाही. चोच बघा: डाउनीची डोक्याच्या निम्म्याहून कमी, हेअरीची जवळपास डोक्याएवढी. पाठ पूर्ण काळी असेल तर ब्लॅक-बॅक्ड सुतार. मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या स्प्रूसची साल ताजी सोललेली दिसली आणि खाली बर्फावर तिचे तुकडे पडलेले असतील तर थांबा, हा जवळच असू शकतो. पाच मिनिटं हलू नका आणि हलक्या टकटकीकडे कान लावा.

रफ्ड ग्राउस हा कोंबडीसारखा रानपक्षी बर्फात बुडी मारून बसतो आणि पायाखालून स्फोट झाल्यासारखा उडतो. स्प्रूस ग्राउस मात्र डोक्यावरच्या फांदीवर सुया खात निवांत बसलेला असतो, आणि निम्मे गट त्याच्याखालून न बघता निघून जातात.

रेव्हन हा आपला डोमकावळा नव्हे; त्याहून बराच मोठा, शेपटी पाचरीसारखी, आवाज घोगरा. ब्लू जे ससाण्या-बाजांच्या आवाजाची नक्कल करतो. रेड-शोल्डर्ड हॉक डिसेंबरात ओरडताना ‘ऐकू’ आला तर आधी ब्लू जे शोधा.

उरले फिंच. पांढऱ्या पट्ट्यांच्या पंखांचे क्रॉसबिल स्प्रूस आणि हेमलॉकच्या शंकूंवर, लाल क्रॉसबिल पाइनवर, रेडपोल बर्च आणि अल्डरच्या लोंब्यांवर, पाइन ग्रॉसबीक माउंटन-अॅशच्या फळांवर. यांची संख्या थंडीवर नाही, बियांच्या पिकावर ठरते. उत्तरेत पीक बुडालं की थवे दक्षिणेला येतात, जसे २०२०-२१ च्या हिवाळ्यात आले. पुढच्याच वर्षी एकही नसेल. जुन्या पुस्तकांत रेडपोलच्या वेगवेगळ्या प्रजाती दिसतील, पण २०२४ मध्ये त्या एकत्र केल्या गेल्या. नोंद नुसती ‘रेडपोल’.

## ६. दिवसाची आखणी

त्या दिवसांत सूर्य साधारण ७:५० ला उगवतो आणि साडेचारला मावळतो. म्हणजे उजेड पावणेनऊ तासांहूनही कमी. घुबडांसाठी जायचं असेल तर पहाटे पाच ते सात. बार्ड घुबड इथलं ठरलेलं. रेकॉर्ड केलेले आवाज वाजवायचे की नाही हे संकलक आणि पार्कचे नियम ठरवतात. विचारल्याशिवाय वाजवू नका. कडाक्याच्या रात्री घुबडाला उगाच उडवलं तर त्याची ऊर्जा खर्च होते.

दिवस उजाडल्यावरचे पहिले तीन तास सर्वांत मोलाचे. रात्रभर उपाशी राहिलेले पक्षी तेव्हा हलतात, बोलतात. लांबची पायवाट सकाळी घ्या, गाडीचे रस्ते आणि दाणाघरं दुपारी. वारा सुटला तर दऱ्याखोऱ्यांत आणि दाट स्प्रूसच्या आडोशाला जा, उघड्या टेकडीवर काही ऐकूच येणार नाही. चालताना दर दोनशे पावलांवर पूर्ण थांबा. बर्फावर बूट करकरतात आणि जाकिटं सळसळतात, त्या आवाजात किंगलेट बुडून जातो. थांबून दोन मिनिटं ऐका, मग पुढे.

## ७. मोजायचं कसं

पहिली गोष्ट: मोजायचे ते पक्षी, पुरावे नाहीत. बर्फातले पायाचे ठसे, पिसं, सोललेली साल, रिकामं घरटं यांना आकडा नाही. पक्षी दिसला किंवा ऐकला पाहिजे.

मिश्र थवा. चिकडीच्या थव्याबरोबर शिलिंध्री, किंगलेट, ब्राउन क्रीपर आणि डाउनी सुतार हिंडतात. झाडात असताना मोजायला गेलात तर तीच चिकडी चार वेळा मोजाल. थवा ज्या दिशेला सरकतो आहे तिकडे पुढे एखादी मोकळी जागा शोधा: पायवाट, ओढा, पडलेल्या झाडामुळे झालेलं भगदाड. पक्षी ती मोकळी जागा एकेक करून ओलांडतात, तिथे मोजा. एकाने चिकडीच मोजायची, दुसऱ्याने बाकी सगळं. मोकळी जागा नसेल तर एका वेळी दिसलेली जास्तीत जास्त संख्या लिहा. ‘बारा दिसल्या, पण वीस तरी असतील’ यातले बारा लिहायचे.

उडता थवा. क्रॉसबिल किंवा रेडपोल डोक्यावरून जातात तेव्हा हातात पाच सेकंद असतात. दहा मोजा, त्या दहांनी आकाशाचा केवढा तुकडा व्यापला ते डोळ्यात धरा आणि असे किती तुकडे आहेत ते बघा. नवा माणूस मोठ्या थव्याचा अंदाज बहुधा कमीच करतो. आधी घरी तांदळाचे दाणे ताटलीत टाकून, दोन सेकंद बघून, अंदाज लिहून, मग मोजून सराव करा. हसण्यासारखं वाटेल, पण आठवडाभरात अंदाज सुधारतो. गटातल्या प्रत्येकाने आकडा मनात ठरवून मगच बोलायचं. आधी बोललेला आकडा बाकीच्यांना ओढून नेतो.

कॅनडा जे. सर्वांत जास्त चुका याच्यामुळे होतात. हा करड्या रंगाचा धीट पक्षी माणसाकडे खाणं मिळतं हे जाणून असतो. दोन-तीन जे पायवाटेच्या सुरुवातीला भेटतात, गुपचूप रानातून तुमच्याबरोबर येतात आणि किलोमीटरभर पुढे पुन्हा ‘भेटतात’. वहीत सहा, प्रत्यक्षात तीन. उपाय इथे आयताच आहे. अल्गॉन्क्विनमध्ये या पक्ष्याचा अनेक दशकांपासून अभ्यास चालू आहे आणि अनेकांच्या पायांत रंगीत कड्या आहेत. डावा पाय वरून खाली, मग उजवा पाय वरून खाली, असे रंग लिहा. तोच क्रम पुन्हा आला तर तोच पक्षी. कड्या नसतील तर पहिल्या भेटीची जागा आणि वेळ लिहा, आणि पुढे एका वेळी त्याहून जास्त दिसले तरच आकडा वाढवा. दुर्बीण खाली ठेवून चिक्कीचा तुकडा पुढे कराल तर जे हातावर येईल, आणि मग संपूर्ण वाट सोबत चालेल. मोजणी संपेपर्यंत हा मोह आवरा.

रेव्हन. हे दिवसभर वर्तुळावरून फिरतात आणि प्रत्येक गट त्यांना मोजतो. प्रत्येक नोंदीला वेळ, संख्या आणि दिशा लिहा: ‘१०:४०, २, ईशान्येकडे’. संध्याकाळी संकलक सगळ्या गटांचे कागद शेजारी ठेवून दुहेरी नोंदी काढतो. दिशा लिहिली नसेल तर त्याला अंदाजच करावा लागतो. घुबडं, ससाणे, गरुड यांनाही हेच लागू.

परतीची वाट. ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत येत असाल तर परतीचे आकडे जोडायचे नाहीत. फक्त नवी प्रजाती, किंवा खात्रीने वेगळे असलेले पक्षी लिहा. जाताना तीन हेअरी आणि येताना चार दिसले तर एकूण चार, सात नव्हे.

दाणाघर. व्हिजिटर सेंटरजवळच्या दाणाघरावर ईव्हनिंग ग्रॉसबीक येत-जात राहतात. तिथे बेरीज चालत नाही. संपूर्ण वेळात एका क्षणी दिसलेली सर्वांत मोठी संख्या हाच आकडा.

अर्धवट ओळख. सुतार होता, कुठला ते कळलं नाही: ‘सुतार, प्रजाती अनिश्चित, १’ असं लिहा. हे कमीपणाचं नाही. ओढूनताणून ‘हेअरी’ लिहिलेलं मात्र नंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

फोनमधलं आवाज ओळखणारं ॲप फक्त इशारा समजा. लाल खारीची चिरचिर, फांद्यांची करकर आणि ब्लू जेची नक्कल यांवर ते फसतं. ॲपने नाव दाखवलं, पण पक्षी कुणी पाहिला नाही आणि आवाज कुणी स्वतः ओळखला नाही, तर तो वहीत येत नाही.

## ८. तास आणि किलोमीटर

नवे लोक हा भाग कंटाळून मोघम लिहितात, आणि मग पूर्ण दिवसाची मेहनत पाण्यात जाते. २०२३ साली ४० चिकडी आणि २०२४ साली ६० असं कुणी म्हटलं तर चिकडी वाढल्या का? समजा, पहिल्या वर्षी ८ तास मोजलं आणि दुसऱ्या वर्षी २० तास. मग तासाला ५ वरून ३ वर आल्या, म्हणजे घटल्या. श्रमाचा आकडा नसेल तर पक्ष्यांच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

हिशेब गटाचा असतो, माणसांचा नाही. चौघं एकत्र तीन तास चालले तर ३ गट-तास, १२ नव्हे. ते दोन-दोनच्या जोड्यांनी वेगळ्या वाटांना गेले, एकमेकांना दिसत-ऐकत नाहीत, तर ६ गट-तास. पायी, स्की, स्नोशू आणि गाडी यांचे तास व किलोमीटर वेगवेगळे लिहा. पहाटेच्या घुबडांच्या शोधाचा वेळ आणि अंतर स्वतंत्र, दाणाघरापाशी बसलेला वेळ स्वतंत्र. जेवणाची सुट्टी आणि वर्तुळापर्यंतचा प्रवास धरायचा नाही.

नोंद अशी दिसावी: ‘७:५५–११:१०, पायी, ४.२ किमी, ११:१०–११:४०, जेवण, ११:४०–१३:२५, गाडी, ३१ किमी’. निघताना आणि थांबताना तिथल्या तिथे घड्याळ बघून लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेले तास नेहमी गोल असतात, आणि गोल आकडा बघितला की संकलकाची भुवई वर जाते.

दोन तासांत काही दिसलं नाही तर तेही तसंच लिहा: वेळ, अंतर, पक्षी ०. ‘काही नव्हतं म्हणून तो तुकडा गाळला’ असं केलंत तर तासाचा सरासरी आकडा खोटा फुगतो आणि ओसाड झालेला रानाचा तुकडा कागदावर भरलेला दिसतो.

## ९. दुर्मीळ पक्षी

डिसेंबरात इथे नसायला हवा असा पक्षी दिसला तर आधी फोटो घ्या, खराब आला तरी. मग पुस्तक न उघडता वर्णन लिहा: आकार कशाएवढा, चोच, डोक्यावरच्या खुणा, पंखांवरचे पट्टे, आवाज, किती अंतरावरून, उजेड कसा, किती वेळ, आणखी कुणी पाहिला. पुस्तक आधी उघडलं की डोळ्यांनी न पाहिलेल्या खुणाही आठवायला लागतात. अशा नोंदीसाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि ती नाकारलीही जाऊ शकते. ते मनावर घेऊ नका, जाणत्यांच्याही नाकारल्या जातात. घुबड बसलेलं असेल तर त्याची जागा लगेच समाजमाध्यमांवर टाकू नका. तासाभरात कॅमेऱ्यांची रांग लागते.

## १०. संध्याकाळ आणि पुढचे तीन दिवस

अंधार पडण्याआधी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हजर व्हा. उशीर होणार असेल आणि फोन लागत नसेल तर लोक तुम्हाला शोधायला निघतील, म्हणून वेळ पाळणं इथे सौजन्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. संकलक एकेक प्रजातीचं नाव वाचतो आणि गट आपापले आकडे सांगतात. त्याआधी गाडीतच बसून बेरजा करून ठेवा आणि कागदावर गटातल्या सगळ्यांची नावं, तास आणि किलोमीटर आहेत का ते बघा. बहुतेक ठिकाणी जेवण सगळ्यांनी मिळून आणलेलं असतं. रस्सा सांडतो; मसालेभात किंवा सुकी बटाट्याची भाजी न्या, पातेलं रिकामं परत येतं.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरली असेल तर ती संकलकाला पाठवा, पण अधिकृत कागद त्याचाच. त्याने सांगितल्याशिवाय फक्त ईबर्डवर विसंबू नका.

गणनेच्या दिवसाच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन दिवस धरून गणना-आठवडा होतो. त्या दिवसांत वर्तुळाच्या आत अशी प्रजाती दिसली, जी गणनेच्या दिवशी कुणालाच मिळाली नव्हती, तर तिची वेगळी नोंद होते, संख्येशिवाय. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी घरी निघताना दुर्बीण बॅगेत तळाशी टाकू नका. व्हिजिटर सेंटरपाशी दहा मिनिटं थांबा, राहून गेलेल्या प्रजातींची यादी काढून दाणाघराकडे बघा, आणि काही मिळालं तर सिग्नल लागताच संकलकाला कळवा.